पोटातील व्रणावर वनौषधी : परीक्षा कशी होते आणि तिचा अर्थ काय

औषधी वनस्पतींच्या लागवडीस अलीकडे जे प्रोत्साहन मिळत आहे, त्यामुळे शतावरी, अश्वगंधा, कोरफड, आवळा इत्यादी पिकांविषयी गावोगाव चौकशी होऊ लागली आहे. रोपे विकणारे, मुळ्या खरेदी करणारे आणि चूर्णे खपविणारे असे तिन्ही प्रकारचे लोक गावात येतात आणि त्यांच्या हातातील पत्रकावर पुष्कळदा एक वाक्य छापलेले असते : ‘पोटातील अल्सरवर प्रयोगशाळेत सिद्ध.’ कोठे सत्तर टक्के, कोठे ऐंशी टक्के, असा आकडाही दिलेला असतो. हा आकडा खोटाच असतो असे नव्हे. अनेकदा तो खऱ्या प्रयोगातूनच आलेला असतो. परंतु तो कशाचा आकडा आहे, हे वाचणाऱ्यास कळत नाही. परिणामी एकीकडे शेतकरी आपली अर्धा एकर जमीन दोन वर्षे अडकवून बसतो, तर दुसरीकडे पोटदुखीने गांजलेला माणूस दवाखान्याची वाट न धरता चूर्णावर महिनेच्या महिने काढतो. म्हणून अशी परीक्षा कशी केली जाते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. खताच्या किंवा बियाण्याच्या प्रयोगाचे वाफे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते कठीण वाटू नये.

व्रण का होतो

आपल्या जठरात अन्न पचविण्यासाठी तीव्र आम्ल पाझरते. हे आम्ल मांसही विरघळवू शकते. तरी जठर स्वतः विरघळत नाही, कारण आतील अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्यात आम्ल मारणारे क्षार असतात, अस्तरास भरपूर रक्त मिळत असते आणि झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी सतत तयार होत असतात. तळ्यातील पाणी आणि तळ्याचा बांध यांसारखेच हे नाते आहे. पाणी वाढले तरी बांध फुटतो आणि बांध खचला तरी फुटतो. अस्तराचा बांध ज्या ठिकाणी खचतो त्या ठिकाणी जखम होते, तीच व्रण होय. ती जठरात होते, त्याचप्रमाणे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातही होते.

हा रोग तिखट खाण्याने व चिंतेने होतो, अशी समजूत फार दिवस होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये रुग्णांच्या जठरातून एक वळणदार जीवाणू वेगळा करून वाढविला, आणि ही समजूत मागे पडली. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जीवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. त्यांच्या जठराचा दाह झाला व तपासणीत तो जीवाणू आढळला. हेलिकोबॅक्टर पायलोरी असे त्याचे आजचे नाव आहे. या शोधाबद्दल दोघांना २००५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जीवाणू भारतातील पुष्कळ लोकांच्या पोटात असतो. त्यांतील बहुतेकांना व्रण होत नाही, परंतु ज्यांना होतो त्यांच्यापैकी पुष्कळांच्या व्रणाचे मूळ तेथे असते.

दुसरे मोठे कारण म्हणजे ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. ऊसतोड, भातलावणी, कांद्याची काढणी अशा कामांत कंबर व गुडघे दुखतात. मग किराणा दुकानातून सुटी गोळी घेऊन ती उपाशीपोटी गिळण्याची सवय लागते. ही गोळी जठरास संरक्षण देणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची निर्मिती थांबविते. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी या गोळ्यांची क्रिया उलगडून दाखविली, तेव्हा ज्या गुणाने दुखणे थांबते त्याच गुणाने बांध खचतो, असे स्पष्ट झाले. तंबाखूचे व्यसन असल्यास व्रण भरून येण्यास विलंब लागतो.

प्रयोगशाळेतील पद्धत

प्रथम वनस्पतीचा भाग सावलीत वाळवून त्याची भरड करतात. ती पाण्यात किंवा मद्यार्कात भिजवून गाळतात व द्रव आटवून घट्ट अर्क मिळवितात. परीक्षा होते ती या अर्काची, चूर्णाची नव्हे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

नंतर पांढऱ्या उंदरांचे गट पाडतात. एका गटात बहुधा सहा उंदीर असतात. त्यांना सुमारे चोवीस तास उपाशी ठेवतात, पाणी मात्र देतात. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असतो, कारण उंदीर आपलीच विष्ठा खातो व मग पोट रिकामे राहत नाही. पहिल्या गटास केवळ पाणी किंवा अर्क कालविण्याचा निरुपद्रवी द्रव पाजतात. खत न घातलेल्या वाफ्याचेच हे स्थान आहे. दुसऱ्या गटास रॅनिटिडिन, ओमेप्राझोल किंवा सुक्राल्फेट असे माहितीचे औषध देतात, म्हणजे प्रचलित जातीचा वाफा. उरलेल्या गटांना अर्काच्या चढत्या मात्रा देतात. तासाभराने सर्वांना व्रण उत्पन्न करणारे द्रव्य दिले जाते आणि ठरावीक वेळानंतर उंदरांना वेदनारहित मरण देऊन जठर बाजूने उघडतात, धुतात व पसरून व्रणांची लांबी-रुंदी भिंगाखाली मोजतात. मोजणाऱ्यास जठर कोणत्या गटातील आहे हे ठाऊक नसावे, अशी शिस्त चांगल्या प्रयोगशाळा पाळतात.

या मोजणीवरून प्रत्येक गटाचा व्रणांक काढला जातो. समजा, पाणी पाजलेल्या गटाचा सरासरी व्रणांक ४० आला आणि अर्क दिलेल्या गटाचा १४ आला. तर ४० पैकी २६ इतकी घट झाली, म्हणजे संरक्षण ६५ टक्के. पत्रकावरचा आकडा तो हाच. शंभर रुग्णांपैकी पासष्ट बरे झाले असा त्याचा अर्थ मुळीच नाही. उंदरांच्या जठरावरील, अर्क आधी पाजून मग मुद्दाम केलेल्या जखमा तितक्या कमी झाल्या, एवढेच तो सांगतो.

अशा प्रयोगांस आपल्या देशात मोकळीक नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा आहे आणि त्याखाली नेमलेल्या समितीच्या देखरेखीने, संस्थेतील नीतिमत्ता समितीने मान्यता दिल्यानंतरच, शक्य तितक्या कमी प्राण्यांवर प्रयोग करावे लागतात.

जखम करण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण अर्क उपयोगी ठरणे किंवा न ठरणे हे पुष्कळ अंशी जखम कशी केली यावर अवलंबून असते.

ॲस्पिरिन किंवा इंडोमेथॅसिन देऊन केलेले व्रण हे वेदनाशामक गोळ्यांनी होणाऱ्या व्रणांशी जुळतात. थंडीत जखडून ठेवल्याने होणारे व्रण हे गंभीर आजारात वा भाजल्यानंतर होणाऱ्या व्रणांसारखे असतात. १९४५ मध्ये अमेरिकेतील शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी पद्धत प्रसिद्ध केली : जठराचा खालचा दरवाजा दोऱ्याने बांधावयाचा, म्हणजे पाझरलेले आम्ल आत साचते. काही तासांनी ते काढून मोजता येते, त्याची तीव्रताही काढता येते. म्हणून अर्काने आम्ल कमी होते काय हे पाहण्यास ही पद्धत फार सोयीची आहे. परंतु या पद्धतीतील व्रण बहुतांशी उंदराच्या जठराच्या पुढील कप्प्यात होतात, ज्यात आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. असा कप्पा माणसाला नाहीच. बैलाच्या पोटाचे कप्पे पाहिलेल्या शेतकऱ्यास, एका प्राण्याच्या पोटावरून दुसऱ्याच्या पोटाचे अनुमान किती जपून करावे लागते, हे वेगळे सांगावयास नको.

सर्वांत अधिक वापरली जाते ती मद्यार्काची पद्धत. सुमारे एक मिलिलिटर शुद्ध मद्यार्क उंदरास पाजला की तासाभरात जठरावर लाल रेघोट्या उठतात. १९७९ मध्ये आंद्रे रॉबर्ट यांनी दाखविले की, प्रोस्टाग्लँडिने आधी दिल्यास, आम्ल कमी न होताही, अशा जखमा टळतात. पद्धत स्वस्त, झटपट आणि ठळक. म्हणून ती सर्वत्र रूढ झाली. परंतु तिच्यात एक खोच आहे, आणि ती पत्रकवाले सांगत नाहीत. रॉबर्ट यांनीच १९८३ मध्ये असे दाखविले की, सौम्य मद्यार्क, सौम्य आम्ल किंवा सौम्य अल्क आधी पाजले तरी जठर सावध होते व नंतरच्या तीव्र आघातापासून वाचते. मिरचीतील तिखट द्रव्यही अल्प मात्रेत असे संरक्षण देते, असे पुढे आढळून आले. म्हणजे एखादा अर्क केवळ किंचित झोंबणारा असला, तरी या परीक्षेत तो ‘संरक्षक’ म्हणून उत्तीर्ण होऊ शकतो. बाभूळ, हिरडा किंवा जांभूळ यांच्यासारख्या तुरट द्रव्यांचा अर्क अस्तरावर पातळ पापुद्रा धरतो, त्यासही गुण मिळण्याचा संभव असतो. मग असंख्य वनस्पती या एका परीक्षेत उत्तीर्ण होतात यात नवल ते काय? आमच्या मते, केवळ मद्यार्काच्या पद्धतीवर उभा असलेला दावा कच्चा समजावा.

माणसाच्या जुनाट व्रणाशी अधिक जवळची म्हणजे असेटिक आम्लाने व्रण करण्याची पद्धत. जपानमधील ताकागी, ओकाबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९६९ मध्ये वर्णिली. तीत व्रण खोल होतो आणि तो भरून येण्यास बरेच दिवस लागतात. अर्क व्रण झाल्यानंतर द्यावयाचा असतो. म्हणून व्रण टाळणे आणि झालेला व्रण भरून आणणे, या दोन भिन्न गोष्टी तीत वेगळ्या करता येतात. या पद्धतीस वेळ व कौशल्य अधिक लागते.

आणि या सर्व तऱ्हांत मूळ जीवाणू कोठेच नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्याच्यावर अर्काचा परिणाम पाहावयाचा तर प्रथम काचपात्रात व मग मंगोलियातील जर्बिल नावाच्या लहान कृंतक प्राण्यावर प्रयोग करावे लागतात, कारण त्याच्या पोटात हा जीवाणू चांगला टिकतो. काचपात्रात जीवाणू मारणे सोपे असते. श्लेष्म्याच्या थराखाली दडलेल्या जीवाणूपर्यंत औषध पोचणे अवघड असते.

कच्च्या केळ्याची कथा

केळ्याचे उदाहरण आपल्या राज्यातील वाचकांस जवळचे आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत सन्याल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळे आणि जठरव्रण यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. जखडून ठेवलेल्या उंदरांत केळ्याचा उपयोग होतो काय, हे त्यांनी पाहिले. १९८४ मध्ये बेस्ट, लुईस व नासर या इंग्लंडमधील संशोधकांनी भाजीच्या जातीचे कच्चे केळे वाळवून त्याचे पीठ ॲस्पिरिन दिलेल्या उंदरांवर तपासले. व्रण होण्यापूर्वी दिले तरी आणि झाल्यानंतर दिले तरी त्याचा गुण आला. आम्ल मारणारी काही नेहमीची औषधे व्रण टाळत होती, पण झालेला व्रण भरून आणत नव्हती. केळ्याने मात्र अस्तराच्या वाढीस उत्तेजन मिळाले, असे त्यांचे म्हणणे होते. १९८६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयातील गोयल व सहकाऱ्यांनीही केळ्याच्या पिठाने अस्तराची प्रतिकारशक्ती वाढते, असे दाखविले. बांधाची उपमा पुढे चालवावयाची तर, हे औषध पाणी उपसत नाही, बांधावर माती घालते. १९९९ मध्ये लुईस यांच्या गटाने कच्च्या केळ्यातील ल्युकोसायनिडिन हे द्रव्य कार्यकारी असल्याचे प्रसिद्ध केले.

हे संशोधन चांगले आहे. एकापेक्षा अधिक ठिकाणी, एकापेक्षा अधिक पद्धतींनी ते झाले. परंतु त्यावरून जळगावच्या बागाईतदाराने काय समजावे? प्रयोग झाले ते भाजीच्या जातीच्या, कच्च्या, वाळविलेल्या केळ्यावर. जळगाव जिल्ह्यात प्रामुख्याने पिकते ते ग्रँड नैनसारखे खाण्याचे केळे निराळ्या गटातील आहे. कोकणातील राजेळी ही जात भाजीच्या केळ्यांच्या जवळची; परंतु वसईकडील सुकेळी तिची पिकलेली फळे वाळवून करतात आणि फळ पिकताना त्यातील तुरट द्रव्ये घटत जातात. म्हणजे एका जातीच्या एका अवस्थेतील फळाचा गुण दुसऱ्या जातीस किंवा दुसऱ्या अवस्थेस चिकटविता येत नाही. कच्च्या केळ्याची भाजी अवश्य खावी, तिने कोणाचे वाईट होणार नाही; परंतु ‘अल्सरचे औषध’ म्हणून केळ्याचे पीठ चढ्या भावाने विकणाऱ्यास, कोणत्या जातीचे, किती दिवसांचे फळ आणि कसे वाळविले, हे विचारावे.

ज्येष्ठमध : गुण आणि दोष एकत्र

वनस्पतीपासून जठरव्रणाचे औषध खरोखर तयार झाले आणि जगभर वापरलेही गेले, असे एक ठळक उदाहरण ज्येष्ठमधाचे आहे. आयुर्वेदात ज्येष्ठमध फार प्राचीन काळापासून आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हॉलंडमधील वैद्य रेव्हर्स यांना असे दिसले की, ज्येष्ठमधाच्या अर्काने व्रणाच्या रुग्णांस चांगला उतार पडतो. त्यांनी ते १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु त्याच रुग्णांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाच्या चेहऱ्यावर व पायांवर सूज आली. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन या गोड द्रव्यामुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब वाढतो, हे नंतर उलगडले.

ब्रिटनमध्ये याच द्रव्यापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध बनविण्यात आले. १९६२ मध्ये रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी त्याची रुग्णांवर रीतसर परीक्षा केली, म्हणजे काहींना औषध व काहींना निष्क्रिय गोळी देऊन. जठरातील व्रण औषधाने अधिक भरून येतात, असे दिसले. पुढे अनेक वर्षे हे औषध चालले. सूज व रक्तदाब यांचा दोष मात्र सुटला नाही, आणि १९७६ मध्ये सिमेटिडिन बाजारात आल्यावर ते मागे पडले. गोड द्रव्य काढून टाकलेला ज्येष्ठमधाचा अर्कही करण्यात आला. तो निर्धोक ठरला, परंतु त्याच्या परीक्षांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत.

रक्तदाबाच्या रुग्णाने, गरोदर स्त्रीने आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने ज्येष्ठमधाचे चूर्ण दररोज मनाने घेऊ नये, हा यातून निघणारा व्यवहार होय. दुसरीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे मिळणारे ज्येष्ठमध बव्हंशी परदेशातून येते आणि त्याच्या जागी गुंजेच्या मुळ्या खपविल्या जातात. गुंजेचे बी जहाल विषारी असते. रानातून मुळ्या आणून विकणाऱ्यांनी ‘गोड लागते म्हणून ज्येष्ठमध’ असा हिशेब करू नये.

कोबी आणि कडुनिंब

सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. गार्नेट चेनी यांनी १९४९ मध्ये १३ रुग्णांना ताज्या कोबीचा रस भरपूर पाजून त्यांचे व्रण लवकर भरल्याचे प्रसिद्ध केले. त्या रसातील गुणकारी घटकास ‘जीवनसत्त्व यू’ असे नावही मिळाले. मात्र रस न दिलेल्या रुग्णांचा गट शेजारी ठेवून तुलना केलेली नव्हती. आणि व्रण तर औषधावाचूनही कित्येकदा भरतो. १९५४ मध्ये डॉल व पायगॉट यांनी तुलनेचा गट ठेवून कोबीचा रस जठरव्रणाच्या रुग्णांवर तपासला, तेव्हा लाभ दिसला नाही. एका शेतात घातलेले खत आणि शेजारचा रिकामा वाफा, हा फरक येथे किती कामाचा ठरला ते पाहावे.

कडुनिंबाच्या सालीच्या अर्काविषयी कोलकाता येथील भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ३० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, असा दहा दिवस दिल्यावर आम्ल पुष्कळ घटले; दहा आठवड्यांत व्रणही भरून आल्याचे त्यांना आढळले. रुग्णांची संख्या थोडी होती, म्हणून हे काम आश्वासक म्हणावे, सिद्ध म्हणू नये. अशी बातमी गावात पोचली की, पहिला घाव झाडावर पडतो. खोडाभोवती पूर्ण वेढ्याने साल काढल्यास पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि पन्नास वर्षांचा निंब उभाच्या उभा वाळतो. साल काढणे आवश्यकच असेल तर छाटलेल्या फांद्यांची काढावी. मुख्य खोडास हात लावू नये.

मात्रेचा हिशेब

उंदरास दर किलोग्रॅम वजनास २०० मिलिग्रॅम अर्काने गुण आला, असे वाचण्यात येते. उंदराच्या मात्रेवरून माणसाच्या मात्रेचा अंदाज करताना त्या आकड्यास सुमारे ६.२ ने भागतात, कारण लहान प्राण्याच्या शरीरातील घडामोडी वेगाने चालतात. २०० भागिले ६.२ म्हणजे सुमारे ३२ मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसास १९०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम अर्क. आता १०० ग्रॅम वाळलेल्या मुळीतून १० ग्रॅम अर्क निघतो असे धरल्यास, तेवढ्या अर्कासाठी १९ ते २० ग्रॅम मुळी दररोज लागेल. पत्रकवाल्याच्या डबीवर मात्र ‘अर्धा चमचा चूर्ण’ असे लिहिलेले असते. उंदरावरील प्रयोग खरा आणि अर्धा चमचाही खरा, परंतु दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. हा हिशेब फक्त अंदाजाचा आहे. त्यावरून कोणी वीस ग्रॅम चूर्ण घेऊ लागू नये. इतकी मात्रा माणसास निर्धोक आहे की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

रुग्णाने काय करावे

व्रणाची शंका असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. जीवाणू असल्याचे तपासणीत आढळल्यास आम्ल कमी करणारे औषध व प्रतिजैविके बहुधा चौदा दिवस एकत्र देतात. ही गोळ्यांची माळ मध्येच तोडल्यास जीवाणू शिल्लक राहतो व पुढच्या वेळी त्याच गोळ्यांना दाद देत नाही. वेदनाशामक गोळ्यांमुळे व्रण झाला असेल तर त्या प्रथम बंद कराव्या लागतात, आणि हे डॉक्टरांस सांगण्याचे अनेकजण विसरतात. ‘गुडघ्याची पुडी’ म्हणून जे काही घेतले जाते तेही सांगावे, कारण काही पुड्यांत वेदनाशामके व स्टेरॉइडे मिसळलेली असतात.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी वांती, एकाएकी उठलेली असह्य कळ आणि लाकडासारखे कडक झालेले पोट, ही लक्षणे दिसताच काढा, चूर्ण, सोडा काहीही न देता रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. वजन घटणे, घास अडकणे आणि रक्त कमी होणे या गोष्टी सावकाश होत असल्या तरी दुर्बिणीने पोट पाहून घेणे लांबणीवर टाकू नये. चूर्णाने जळजळ थांबली तरी आत कर्करोग वाढत असण्याचा संभव राहतो.

उत्पादकाच्या हाती काय आहे

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. शतावरी, ज्येष्ठमध, आवळा यांना आयुर्वेदीय औषधनिर्मितीत मागणी आहे आणि ती व्रणाच्या एखाद्या प्रयोगावर अवलंबून नाही. लागवड करावयाची तर त्या मागणीवर, खरेदीदाराशी लेखी करार करून व पहिल्या वर्षी थोड्या क्षेत्रावर करावी. शतावरीच्या मुळ्या काढणीस येण्यास साधारणतः दीड-दोन वर्षे लागतात. तेवढे दिवस भाव टिकेल असे केवळ पत्रकावरून मानू नये. रोपे विकणाराच माल विकत घेण्याचे तोंडी आश्वासन देत असेल, तर त्याचा नफा रोपांतच झालेला असतो.

मालाची ओळख हा दुसरा प्रश्न. शतावरीच्या अनेक जाती सह्याद्रीत आढळतात आणि साल काढलेली शतावरी सफेद मुसळी म्हणूनही विकली जाते. काही ठिकाणी मुळ्या पाण्यात उकळून साल काढतात, काही ठिकाणी तशाच सोलून वाळवितात. या दोन्ही मालांतील घटकांचे प्रमाण एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. ओलसर माल पोत्यात भरल्यास बुरशी येते व बुरशीचे विष उकळूनही जात नाही. म्हणून मुळ्या कट्‌कन मोडतील इतक्या वाळवाव्यात, काढणीची तारीख व शेताचे नाव पोत्यावर लिहावे, आणि त्या पिकावर फवारलेल्या औषधांची नोंद ठेवावी. खरेदीदार ही नोंद हल्ली मागतात.

रानातून माल गोळा होत असल्यास गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीस त्याची माहिती द्यावी. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाखाली ही समिती लोकजैवविविधता नोंदवही ठेवते. कोणत्या वैदूने कोणती वनस्पती पोटदुखीस सांगितली, ही नोंदही तीत जाऊ शकते. तशी नोंद असलेली बरी, कारण पुढे कोणी संशोधन केल्यास ज्ञान कोठून आले याचा पुरावा राहतो.

गावातील एखाद्या वनस्पतीची परीक्षा व्हावी असे वाटत असेल, तर केवळ मुळी किंवा साल पाठवून भागत नाही. फुलाफळासह असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवावी, पहिले काही दिवस कागद दररोज बदलावा, आणि सोबत चिठ्ठीवर गाव, तालुका, जमिनीचा प्रकार, दिनांक, स्थानिक नाव, फुलाचा ताजेपणीचा रंग आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. वाळल्यावर रंग जातो म्हणून तो लगेच टिपावा. ज्या झाडाची फांदी, त्याच झाडाचा औषधी भाग वेगळ्या कागदी पिशवीत घ्यावा व दोहोंवर एकच क्रमांक घालावा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था ही दोन्ही पुण्यास आहेत व त्यांच्याकडे असे नमुने ओळखण्याची सोय आहे. पिशवी प्लास्टिकची नसावी. पावसाळ्यात नमुना पाठविण्याआधी तो पुन्हा एकदा उन्हात नव्हे, चुलीच्या उबेजवळ सुकवून घ्यावा.